एमडीआरचं मूळ निळ्या डब्यात

सोलापुरातला एमडीआर, म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी, गिरण्यांच्या काळापासूनचा आहे, असं म्हटलं जातं. शहरात 1877 साली पहिली कापड गिरणी निघाली. त्या काळच्या क्षयाला औषधच नव्हतं, मग औषधाला न जुमानणं कुठून येणार? ती गोष्ट अलीकडची.

सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात एमडीआरचं जे प्रमाण दिसतं ते शहराचं नव्हे. तिथे येणारा पेशंट बरेचदा आधी कुठेतरी गोळ्या खाऊन आलेला असतो, शिवाय धाराशिव, विजयपूरकडचेही येतात. 2014–16 च्या देशव्यापी पाहणीत एमडीआर नव्या पेशंटमध्ये 2.84 टक्के निघाला, आधी उपचार झालेल्यांत 11.6 टक्के.

या दुसऱ्या गटाला आपण काय दिलं, खरी गोम तिथे आहे. 1997 पासूनच्या सरकारी टीबी कार्यक्रमात नव्यांना औषधांचा लाल डबा, जुन्यांना निळा, म्हणजे ‘कॅट-टू’ (दुसऱ्या वर्गाचे उपचार). टीबी उलटलेला, गोळ्यांनी न हटलेला, मधेच सोडून गेलेला, सगळे त्याच डब्यात. आठ महिने, आठवड्यातून तीनदा. गोळ्या आधीच्याच, भर फक्त स्ट्रेप्टोमायसिनच्या 24 इंजेक्शनांची. हरलेल्या औषधांत एकटं नवं औषध घालू नये, हे तर शिकाऊ डॉक्टरलाही ठाऊक असतं. जंतू तेही पचवतात. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला आठवडे लागत, प्रयोगशाळा मोजक्या, तोवर काहीतरी द्यायलाच हवं, हा बचाव अगदी खोटा नाही. पण त्याची किंमत पेशंटने मोजली. शहराच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई डोस घ्यायला गेली की तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी बुडाली. ती यायची थांबली की रजिस्टरात ‘डिफॉल्टर’. कर्ज थकवणाऱ्याला लावतात तोच शब्द! 2013 मध्ये जागतिक व्याख्यांतून तो गेला, बोलण्यातून अजून जायचाय.

एमडीआरचे सरकारी उपचार 2007 मध्ये महाराष्ट्र-गुजरातपासून सुरू झाले आणि 2013 पर्यंत देशभर पोचले. कॅट-टू बंद करा हा जागतिक सल्ला 2017 चा. त्याच वर्षी आपल्याकडे रोजचा डोसही आला. सीबीनॅट ही जंतूची जनुकीय तपासणी दोन तासांत निकाल देते, पण औषधांपैकी फक्त रिफॅम्पिसिनचा. एकट्या आयसोनियाझिडला न जुमानणारा पेशंट त्यातून निसटतो, त्याला वेगळी तपासणी लागते.

2021 मध्ये ‘एक्सडीआर’ची, म्हणजे एमडीआरच्या पुढे जाऊन आणखी औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची, व्याख्याही बदलली. कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं त्यातून गेली, बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड ही औषधं आली. त्यामुळे जुन्या रजिस्टरातले बरेचसे ‘एक्सडीआर’ आज ‘प्री-एक्सडीआर’ या त्याच्या अलीकडच्या पायरीत मोजले जातील, आणि दोन्ही काळांचे आकडे शेजारी ठेवून ‘एक्सडीआर घटला’ म्हणता येणार नाही.