अल्यूट वल्ह्याची शीर कोणत्या बाजूला?

अल्यूशियन बेटांवर जंगल नाही. उत्तर प्रशांत महासागर आणि बेरिंग समुद्र यांच्यामधल्या या माळेत राहणारे उनांगन, म्हणजेच अल्यूट, लोक कयाकचा, म्हणजे कातड्याने मढवलेल्या अरुंद नावेचा, सांगाडा आणि वल्ही घडवायचे ती लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडातून. लाकूड इतके दुर्मीळ असताना वल्ह्याच्या पात्यावर त्यांनी केलेले कोरीवकाम म्हणूनच बारकाईने बघण्यासारखे आहे.

वल्हे दुहेरी, माणसाच्या उंचीपेक्षा लांब. पाते अरुंद आणि टोकाकडे निमुळते, आंब्याच्या पानासारखे. त्या पानासारखीच पात्याच्या एका अंगावर मधोमध उठावदार शीर असते. दुसरे अंग गुळगुळीत.

१७७८ साली ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक याच माळेतल्या उनालास्का बेटावर पोचला. वल्हे दोन्ही हातांनी मधोमध धरायचे आणि एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झपझप मारायचे, अशी तिथली पद्धत त्याच्या वृत्तान्तात आहे. नाव वेगाने आणि अगदी सरळ रेषेत जाते, हेही त्यात आवर्जून नोंदवले आहे. अरुंद पाते एका फटक्यात थोडेच पाणी ढकलते. त्यामुळे लय जलद ठेवता येते आणि प्रत्येक वेळी खांद्यावर येणारा ताण कमी राहतो. वल्हे फार उभे न करता, हात खाली ठेवून मारले की दिवसभराची मजल झेपते. दोन्ही पाती एकाच प्रतलात असतात. आजच्या अनेक कयाक-वल्ह्यांची पाती एकमेकांशी कोन करून बसवलेली असतात, म्हणजे वर उचललेले पाते वारा कापत जाते. पण त्यासाठी दर फटक्याला मनगट वळवावे लागते. अल्यूट पाते मुळातच अरुंद, त्यामुळे वारा त्याला फारसा धरत नाही आणि मनगटाची ती कसरत वाचते.

आता शिरेचा प्रश्न. पाते पाण्यातून ओढताना त्याच्या दोन्ही कडांवरून भोवरे सुटतात. ते आलटून पालटून सुटू लागले की पाते डावी-उजवीकडे थरथरते आणि हातातला जोर वाया जातो. शीर स्वतःकडे, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या अंगाला ठेवली, तर ती पाणी दोन्ही बाजूंना सारखे वाटते आणि पाते स्थिर चालते. काही वल्हवणारे उलट धरतात: गुळगुळीत अंग पाणी जास्त पकडते, असे त्यांचे म्हणणे. मला पहिली बाजू पटते, कारण खवळलेल्या समुद्रात थोड्या जास्त जोरापेक्षा न थरथरणारे पाते मोलाचे. शीर कुठल्याही बाजूला असो, पातळ पात्याला बळकटी मात्र तीच देते.

वल्ह्याचे काम नाव पुढे नेण्यापुरते नव्हते. शिकारी फेकफळीच्या, म्हणजे भाल्याला जादा जोर देणाऱ्या हातातल्या लाकडी फळीच्या, साहाय्याने एका हाताने भाला फेकायचा, आणि दुसऱ्या हातातले वल्हे पाण्यावर आडवे टेकवून नाव उलटू द्यायचा नाही.