द्विदलातली दाय

खानदेशात साक्री किंवा चोपड्याकडच्या मुलाला तुरीची डाळ कशी होते, हे शिकवावं लागत नाही. दाणा भरडला की दोन फाका सुट्या होतात, हे त्यानं घरीच पाहिलेलं असतं. तरी पुस्तकातला ‘द्विदल’ हा शब्द ते अर्थासकट घोकतं आणि चाचणी झाली की विसरून जातं. खरं तर ‘दल’ म्हणजे फाक; ‘दल’ आणि ‘डाळ’ एकाच मुळातले. अहिराणी या तिथल्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तीच घरी ‘दाय’ झाली. एवढं फळ्यावर उलगडलं की एकदल म्हणजे काय, हे मुलंच सांगू लागतात: दादर ज्वारी, मका, बाजरी. कुणी केळीचं विचारलं तर मात्र पंचाईत. खायच्या केळात धड बीच नसतं. तिथं एकदलाची खूण म्हणून पानावरच्या समांतर शिरा दाखवाव्यात.

याचा स्मरणाशी थेट संबंध आहे. क्रेक आणि टुल्विंग या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये प्रयोग केले. काही शब्दांबाबत फक्त अक्षरांच्या ठेवणीविषयी विचारलं, काहींबाबत ‘हा शब्द या वाक्यात बसेल का?’ असं. नंतर जास्त आठवले ते दुसऱ्या प्रकारचे, अर्थाचा विचार करायला लावणारे शब्द. घोकंपट्टीत नेमका तोच विचार राहून जातो.

शिवाय एक घटक कळला की त्याचं अख्खं गोत हाती येतं. बाष्पीभवन, सांद्रीभवन, घनीभवन यांतलं ‘भवन’ म्हणजे इमारत नव्हे, ‘होणं’. वाफ होणं, घट्ट होणं. शब्दांची अशी फोड शिकवण्याविषयीच्या 22 अभ्यासांचा आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचनात मागे असलेल्या मुलांना तिचा विशेष फायदा होतो, असं त्यात दिसलं. त्यातले बरेच अभ्यास इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरचे होते, हे खरं. पण घरी भिल्ली, पावरी किंवा अहिराणी बोलून शाळेत संस्कृतप्रचुर परिभाषेला तोंड देणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत वापरून पाहायलाच हवी, असं मला वाटतं.

फोडीची चटक लागली की मुलं काहीही फोडतात. ‘अ म्हणजे नाही’ हे कळलं की ‘अजगर’ म्हणजे ‘जगर नसलेला’! तो शब्द ‘अज’ आणि ‘गर’ असा आहे: बकरी गिळणारा. म्हणून केलेली फोड वाक्यात बसवून आणि शब्दकोशात पाहून तपासायची सवय आधीपासून हवी.

आणि शब्द एकदा फोडून भागत नाही. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. तेव्हा सोमवारी फोडलेले शब्द पुढच्या सोमवारी वह्या मिटवून विचारावेत. अर्थ नको, फोडच विचारावी, आणि त्याच गोतातला एखादा नवा शब्दही मागावा.