टार्गेट एसडीके: एका आकड्याची पार्श्वभूमी

२०२५ साली अँड्रॉइडसाठी ॲप लिहिणाऱ्यांच्या पुढ्यात दोन तारखा पाठोपाठ आल्या. ३१ ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर नवे ॲप टाकायचे किंवा जुन्याची सुधारित आवृत्ती चढवायची, तर टार्गेट, म्हणजे अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत ॲप तपासले आहे हे सांगणारा आकडा, किमान ३५ हवे. १ नोव्हेंबरपासून, टार्गेट ३५ किंवा त्यापुढचे असेल तर ॲप १६ किलोबाइटच्या मेमरी-पेजवरही (फोन मेमरी ज्या तुकड्यांत मोजतो त्यांवर) चालले पाहिजे. ऑगस्ट ज्यांना जमला नाही त्यांना स्टोअरच्या डेव्हलपरांसाठीच्या कन्सोलमधून मुदतवाढ मागता येत होती, पण तीही १ नोव्हेंबरपर्यंतच. म्हणजे उशीर झालेल्यांच्या अंगावर दोन्ही कामे एकाच दिवशी पडली. हे नियम निघाले वेगवेगळ्या कारणांनी, पण दोन्ही टांगले आहेत ते टार्गेट या एकाच आकड्याला. आणि हा आकडा सक्तीसाठी नव्हताच. तो सवलत म्हणून आला होता.

ॲप कसे बांधायचे ते सांगणाऱ्या बिल्ड फाइलमध्ये मिन (सर्वांत जुनी चालणारी आवृत्ती), कम्पाइल (ज्या आवृत्तीच्या साधनांनी बांधले ती) आणि टार्गेट हे तीन आकडे शेजारी शेजारी बसतात. पहिल्या दोघांबद्दल फारसा गोंधळ होत नाही. घोळ होतो तो तिसऱ्याबद्दल, आणि अनेक वर्षे काम केलेल्यांचाही होतो. टार्गेट म्हणजे ॲप कोणत्या फोनवर चालेल, असा समज सर्रास दिसतो. तसे नाही. टार्गेट २८ असलेले ॲप अँड्रॉइड १६ वरही चालते. फक्त सिस्टिम त्याच्याशी वागते २८ च्या नियमांनी.

बोर्डाच्या परीक्षेचे उदाहरण घेतले तर हे चटकन कळते. अभ्यासक्रम बदलला तरी जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलांसाठी काही काळ वेगळी प्रश्नपत्रिका निघते. केंद्र तेच, दिवस तोच, पेपर मात्र जुना. टार्गेट हा आकडा सिस्टिमला सांगतो की हे ॲप कोणत्या अभ्यासक्रमाचे आहे. ‘माझी चाचणी इथपर्यंत झाली आहे, त्यापुढचे बदल मला लावू नका’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. ॲप लिहायचे जुने साधन एक्लिप्स, त्याच्या काळात तो मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहीत, आणि लिहिला नाही तर मिनएवढाच धरला जाई. एक्लिप्सच्या जागी आलेल्या अँड्रॉइड स्टुडिओची घोषणा २०१३ मध्ये झाली, १.० आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली आणि हा आकडा ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाच्या फाइलमध्ये सरकला. तोवर त्याच्याकडे कोणी विशेष लक्ष दिलेले नव्हते.

गोंधळात भर पडते ती क्रमांकांच्या दोन रांगांमुळे: एक अँड्रॉइडच्या आवृत्तीची, दुसरी टार्गेटमध्ये लिहायच्या आकड्याची. अँड्रॉइड ५.० म्हणजे २१, ८.० म्हणजे २६, १० म्हणजे २९, १२ म्हणजे ३१, १२ च्या मोठ्या पडद्याच्या आवृत्तीने ३२ घेतला म्हणून १३ म्हणजे ३३. त्यानंतर योगायोगाने वीसचा फरक टिकला: १४ ला ३४, १५ ला ३५, १६ ला ३६. २०२५ च्या अखेरीस आलेल्या छोट्या प्रकाशनाने ३६.१ असा दशांशही आणला. ग्राहक फोनवरची आवृत्ती सांगतो, डेव्हलपर दुसऱ्या रांगेत विचार करतो, आणि दोघांच्या बोलण्यात एक वजाबाकी कायम अडकलेली असते.

या आकड्याला खरे वजन आले २०१५ मध्ये. अँड्रॉइड ६.० ने, म्हणजे २३ ने, परवानग्या ॲप चालू असताना मागायचा नियम आणला. तोवर इन्स्टॉल करतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा घेतल्या जात. पण हा नियम लागू होता टार्गेट २३ पासून पुढे. २२ वर थांबलेल्या ॲपला नव्या फोनवरही जुनाच एकगठ्ठा होकार मिळत राहिला. काही जण वेळ नाही म्हणून २२ वर थांबले. काही मात्र हेतुपुरस्सर थांबले, कारण संपर्कयादी आणि लोकेशन न विचारता मिळण्याची ती शेवटची पायरी होती. जुन्यांसाठी केलेली सोय ही अशी पळवाट झाली.

डिसेंबर २०१७ मध्ये अँड्रॉइड आणि प्ले स्टोअर चालवणाऱ्या गूगल कंपनीने घोषणा केली: ऑगस्ट २०१८ पासून नव्या ॲपना आणि नोव्हेंबर २०१८ पासून अपडेटना टार्गेट २६ सक्तीचे, आणि पुढे दरवर्षी हा आकडा वाढत जाणार. ऑगस्ट २०१९ पासूनची ६४ बिटची अटही त्याच घोषणेत होती. जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा कधीतरी बंद करावीच लागते, आणि २२ च्या आडून लोकांचे फोन धुंडाळले जात असताना ती बंद केली हे योग्यच झाले. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाद आहे तो पुढे त्या आकड्यात काय काय कोंबले गेले त्याचा.

उदाहरणासाठी औषधाच्या वेळेची आठवण देणारे एक साधे ॲप धरा. २०१६ मध्ये लिहिलेले, बिनचूक चालणारे. टार्गेट २६ ला नेताच सूचनांसाठी चॅनेल, म्हणजे त्यांचे प्रकार, करावे लागले. ते केले नाहीत तर सूचना दिसतच नाही. ३१ ला पेंडिंग इंटेंट (नंतर करायच्या कामाची सिस्टिमकडे दिलेली चिठ्ठी) बदलता येणारा की न येणारा हे लिहून द्यावे लागले, नाहीतर ॲप कोसळते. त्याच ३१ ला अचूक वेळेच्या गजरासाठी वेगळी परवानगी आली. ३३ ला सूचना दाखवायचीच परवानगी वापरणाऱ्याकडे मागावी लागली. अँड्रॉइड १४ वर, टार्गेट ३३ किंवा वर असेल तर नव्या इन्स्टॉलला गजराची ती परवानगी आपसूक मिळणे बंद झाले. आजोबांना सेटिंगच्या पडद्यावर जाऊन खटका चालू करायला सांगायचे. गजर किंवा कॅलेंडर हेच ज्यांचे मुख्य काम, त्यांच्यासाठी आपोआप मिळणारी दुसरी परवानगी आहे, पण तिच्यावर स्टोअरच्या धोरणाचा पहारा आहे. ॲपने करायचे काम दहा वर्षांत तसूभर बदललेले नाही. रात्री नऊला सांगायचे, गोळी घ्या.

यातला प्रत्येक बदल सुटा पाहिला तर पटतो. बॅटरी खाणारी ॲप होती, सूचनांचा भडिमार करणारी होती. स्टोरेजचा बदल तर याहून मोठा: टार्गेट २९ ला फाइलींचा खुला वावर आटला, एक ओळ लिहून जुनी पद्धत राखता येत होती, आणि ३० ला अँड्रॉइड ११ वर तीही ओळ निकामी झाली. पीडीएफ वाचणाऱ्या आणि फाइली आवरणाऱ्या ॲपना त्यावेळी अक्षरशः पुन्हा लिहावे लागले. तरीही एका ॲपने दुसऱ्याच्या फाइलींत डोकावू नये हे मान्यच करावे लागते.

३५ मध्ये मात्र सुरक्षेशी काहीच संबंध नसलेली गोष्ट याच दावणीला बांधली गेली. अँड्रॉइड १५ वर टार्गेट ३५ चे ॲप आपोआप कडेपासून कडेपर्यंत पसरते, म्हणजे मजकूर वरच्या स्टेटस पट्टीच्या आणि खालच्या नॅव्हिगेशन पट्टीच्या मागे जातो. जुन्या पडद्यांवरचे ‘जतन करा’ बटण तीन बटणांच्या पट्टीखाली गेले आणि दाबता येईना, अशी तक्रार ठिकठिकाणी आली. थीममध्ये एक ओळ लिहून हे टाळता येत होते. ३६ च्या टार्गेटला ती ओळ अँड्रॉइड १६ वाचतच नाही.

अडचणीचे मूळ इथे आहे. टार्गेट हा एकच आकडा आहे आणि तो पूर्ण घ्यावा लागतो. परवानगीचे कडक नियम मला हवेत पण पडद्याची मांडणी पुढच्या वर्षी बदलतो, असे म्हणायची सोय नाही. आणि ही सोय तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असेही नाही. अँड्रॉइड ११ पासून फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एक यादी आहे, तीत वागणुकीतले कितीतरी बदल एकेक करून चालू-बंद करता येतात. प्रत्येकाला स्वतःचा ओळखक्रमांक आहे. ती चाचणीपुरती, डीबग बिल्डपुरती ठेवली आहे. म्हणजे सिस्टिमच्या पोटात हे बदल सुटे आहेत. बाहेर येतात ते मोळी बांधून. सगळ्यांना सुटी निवड दिली तर चाचणीच्या शक्यता हजारोंनी वाढतील, हा प्रतिवाद खरा आहे. पण सुरक्षेची एक मोळी आणि दिसण्याची दुसरी, एवढे दोन भाग नक्कीच करता आले असते, आणि ते केले नाहीत याचा भार छोट्यांवर पडला आहे.

तो भार किती, हे २०२२ मधल्या पुढच्या पावलाने कळले. तोवर सक्ती नवे काही चढवणाऱ्यांपुरती होती. हात न लावलेले ॲप आपल्या जागी राहत होते. त्या वर्षी जाहीर झाले की टार्गेट फार मागे राहिलेली ॲप नव्या अँड्रॉइडच्या फोनवरून शोधणाऱ्या नव्या लोकांना दिसणार नाहीत. २०२५ च्या नियमात ती रेषा ३४ वर होती. ज्याने आधी घेतले आहे त्याला ते पुन्हा मिळते, नव्याला नाही.

मराठीत शब्दकोश, अभंगसंग्रह, पंचांग, पाढे अशी कितीतरी ॲप एकेकट्या माणसाने नोकरी सांभाळून, फुकट वाटण्यासाठी केलेली आहेत. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांना दरवर्षी अपडेट लागत नाही. असे ॲप इंटरनेटला जात नाही, परवानगी मागत नाही, कोणाचे काही घेत नाही. पण नियमाच्या लेखी ते आणि टाकून दिलेले ॲप सारखेच. पूर्ण झालेले काम आणि सोडून दिलेले काम यांतला फरक आकड्याला कळत नाही, आणि तो कळावा म्हणून कोणी वेगळी खूणही ठेवलेली नाही. मला सगळ्यात जास्त लागते ते हे.

स्टोअरच्या बाहेर वाटू, या पर्यायाचीही कड आता आत सरकली आहे. अँड्रॉइड १४ टार्गेट २३ च्या खालचे ॲप कुठूनही आणले तरी इन्स्टॉल करू देत नाही. १५ ने ती रेषा २४ वर नेली. संगणकाला जोडून कमांडने चढवता येते, पण ते सामान्य वापरणाऱ्याचे काम नव्हे. कारण पुन्हा तेच २०१५ चे: घातक ॲप मुद्दाम २२ वर ठेवून परवानगीचा प्रश्न चुकवत होती.

१६ किलोबाइटची अट या सगळ्यात वेगळी, कारण ॲप ज्या कोटलिन-जावा भाषांत सहसा लिहितात त्यांच्या कोडशी तिचा संबंध नाही. मेमरीचे पेज वर्षानुवर्षे ४ किलोबाइटचे होते. फोनमधली मेमरी वाढली तशी इतक्या बारीक तुकड्यांचा हिशेब ठेवणे प्रोसेसरला जड होऊ लागले. पेज मोठे केले की मेमरी थोडी जास्त जाते, पण हिशेब कमी होतो. कंपनीच्या स्वतःच्या मोजणीत, मेमरीवर ताण असताना ॲप सुरू व्हायला सरासरी ३.१६ टक्के कमी वेळ लागला, काही ॲपना तर ३० टक्क्यांपर्यंत. अडते ते सी किंवा सी++ मधून तयार झालेल्या लायब्ररींपाशी, म्हणजे आयत्या वापरायच्या कोडच्या संचांपाशी. त्या ४ किलोबाइटच्या हिशेबाने जुळवलेल्या असतील तर १६ च्या फोनवर लोडच होत नाहीत. सी-सी++ च्या कोडसाठीचे साधन एनडीके, त्याच्या २८ पासून ही जुळणी आपोआप होते, आणि ग्रेडलच्या अँड्रॉइड प्लगइनच्या ८.५.१ पासून पुढे पॅकेजमधली मांडणीही.

स्वतःचा कोड असेल त्याचे काम एका दुपारी उरकते. पण बहुतेकांच्या ॲपमधली अशी लायब्ररी स्वतःची नसतेच. पीडीएफ दाखवणारी, डेटाबेस कुलूपबंद करणारी, बारकोड वाचणारी, कोणी तिसऱ्यानेच कधीतरी बनवलेली असते आणि त्याने ती सोडून दिलेली असते. स्टुडिओतला एपीके ॲनलायझर, म्हणजे तयार ॲपची फाइल तपासणारे साधन, बोट ठेवून सांगतो की ही फाइल जुळत नाही. पुढे काय, याचे उत्तर लायब्ररी बदलणे, म्हणजे त्या भागाचे ॲप पुन्हा लिहिणे. आणि हे सगळे अशा वेळी, जेव्हा लोकांच्या हातातले बहुतेक सगळे फोन ४ किलोबाइटचेच आहेत.

साधने सुधारली आहेत, हे म्हणायलाच हवे. स्टुडिओतला एसडीके अपग्रेड असिस्टंट आपल्या टार्गेटपासून पुढच्यापर्यंत काय बदलावे लागेल ते आपल्याच कोडमधल्या जागांसह दाखवतो. पूर्वी हे बदलांची पाने वाचून हाताने शोधावे लागे. प्रकाशनांचा क्रमही सुधारला. अँड्रॉइड १६ नेहमीच्या शरद ऋतूऐवजी १० जून २०२५ ला आले, आणि ॲपच्या वागणुकीवर परिणाम करणारे बदल वर्षातून त्या एकाच प्रकाशनात असतील, वर्षअखेरच्या छोट्या प्रकाशनात नसतील, असे कंपनीने सांगितले आहे. जूनपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत तयारीला वर्षाहून थोडा जास्त वेळ मिळतो.

ऑगस्ट २०२५ मध्येच आणखी एक घोषणा झाली, ती टार्गेटच्या बाहेरची. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड इथल्या प्रमाणित फोनवर, ज्याने आपली ओळख पटवून नोंदणी केली आहे अशाच डेव्हलपरचे ॲप इन्स्टॉल होईल, मग ते स्टोअरमधून आलेले असो वा बाहेरून. २०२७ पासून हे टप्प्याटप्प्याने जगभर. विरोध झाल्यावर नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळे खाते आणि जाणकारांसाठी धोका पत्करून पुढे जायचा मार्ग देऊ असे सांगण्यात आले. भारताची पाळी त्या जागतिक टप्प्यात येईल.

टार्गेटच्या रांगेत मात्र पुढचा मुद्दा टॅब्लेटचा आहे. ३६ च्या टार्गेटला, ६०० डीपी (पडद्याचे माप सांगायचे अँड्रॉइडचे एकक) किंवा त्याहून रुंद पडद्यावर, ‘हे ॲप उभेच राहील’ ही सूचना अँड्रॉइड १६ मानत नाही; पडदा आडवा झाला की ॲपही आडवे होते. खेळांना यातून वगळले आहे. बाकीच्यांना मॅनिफेस्टमध्ये एक ओळ लिहून जुनी वागणूक राखता येते. ती ओळ ३७ च्या टार्गेटला बंद होणार, हे आधीच जाहीर झालेले आहे.