घोड्याची फाटलेली पापणी: लोंबणारा तुकडा का कापायचा नाही

घोड्याच्या पापणीची जखम दिसायला भयंकर असते; पण वेळेवर आणि नीट शिवली गेली तर ती आश्चर्य वाटावे इतकी चांगली भरून येते. रात्री तबेल्यात सगळे ठीक असते. सकाळी मोतद्दार चारा टाकायला जातो तेव्हा घोड्याच्या गालावर रक्ताचा ओघळ वाळलेला असतो, वरची पापणी कडेपाशी फाटलेली असते आणि तिचा एक तुकडा केवळ एका टोकाला धरून, त्यावरच्या केसांसकट, खाली लोंबत असतो. अशा वेळी पाहणाऱ्याच्या मनात हमखास विचार येतो की हा तुकडा आता मेलाच आहे, तेव्हा तो कात्रीने उडवून वर मलम लावावे. नेमके हेच करायचे नसते. तो तुकडा काळवंडलेला, सुजलेला किंवा सुकल्यासारखा दिसत असला तरी त्याला हात न लावता पशुवैद्याच्या स्वाधीन करायचा असतो, आणि त्यामागचे कारण पापणीच्या रचनेत आहे.

गोव्यात घोडे थोडे असल्यामुळे ही माहिती घोडेमालकाला आधीपासून असलेली बरी. 1510 नंतर पोर्तुगिजांनी अरबस्तान आणि होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार गोव्याच्या बंदरातून चालवला आणि विजयनगरच्या फौजेला घोडे इथून जात, हा इतिहास झाला. आज सत्तरी-डिचोलीकडच्या पुष्कळांचा घोड्याशी संबंध शिगम्यातल्या घोडेमोडणी या लोकनृत्यापुरताच उरला आहे. साहजिकच इथल्या पशुवैद्याच्या हाताखालून रोज जातात ती गुरे आणि कुत्री. म्हणून फोन करतानाच ‘घोड्याच्या पापणीची कड फाटली आहे, गुंगी देऊन शिवावी लागेल’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे बारीक सुई-धागा आणि घोड्याला चालणारी औषधे बरोबर आणणे त्यांना सोपे जाते.

घोड्याचा डोळा हा जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांतल्या सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे. माणसाच्या नेत्रगोलाचा व्यास साधारण 24 मिलिमीटर असतो, तर घोड्याचा सुमारे 40 मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक. तो डोक्याच्या बाजूला, काहीसा बाहेर आलेला असल्यामुळे घोड्याला मान न वळवता भोवतालचे जवळजवळ 350 अंश दिसते. पण त्याच कारणाने तो बादलीच्या कडीला, गव्हाणीच्या आकड्याला किंवा कुंपणाच्या तारेला सहज सापडतो. घोडा डोके घासत असताना पापणी कशात तरी अडकते, तो दचकून मान मागे खेचतो आणि पापणी फाटते. अधिक हालचाल वरच्या पापणीची असल्यामुळे बहुधा इजाही तिलाच होते.

आता कडेचे महत्त्व पाहू. पापणीला बाहेरून त्वचा, मध्ये डोळा मिटणारा स्नायू आणि आकार टिकवणारी तंतुमय पट्टी, आणि आतून गुलाबी, ओलसर अस्तर असते. या साऱ्यांचा मेळ जिथे होतो त्या कडेवर मायबोमियन ग्रंथींची तोंडे उघडतात. या ग्रंथींतून पाझरणारा तेलकट थर अश्रूंच्या पाण्यावर पसरतो आणि ते पाणी लवकर सुकू देत नाही. डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल किंवा कॉर्निया, मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर त्यावर ओलावा पुन्हा पसरतो, म्हणूनच तो स्वच्छ राहतो. कडेचा तुकडा कापून टाकला तर तेवढ्या जागेपुरता हा ओलावा पसरत नाही. जखम भरताना व्रण आकसतो, बाहेरची केसाळ त्वचा आत ओढली जाते आणि तिचे राठ केस दिवसभर कॉर्नियावर घासू लागतात. त्यातून येणारे व्रण, पांढरटपणा आणि अखेरीस अंधुक होणारी दृष्टी हे मूळ जखमेपेक्षा कितीतरी महागात पडते. पायावरची किंवा छातीवरची काही जखम उघडी ठेवून आपोआप भरू देता येते. पापणीच्या कडेला ती मुभा नाही. हरवलेली कड शस्त्रक्रियेने पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न होतात, परंतु मूळ कडेची सर त्यांना येत नाही.

दिलासा देणारी बाजू अशी की पापणीला रक्तपुरवठा मुबलक असतो. एका अरुंद पट्टीला धरून राहिलेला तुकडाही त्यामुळे बहुधा जगतो. टाके शक्य तितक्या लवकर पडावेत हे खरेच, पण जखम रात्रभराची जुनी आहे एवढ्या कारणाने ‘आता शिवून काय उपयोग’ असे म्हणण्याचेही कारण नाही.

डॉक्टर येईपर्यंत मालकाने करायच्या गोष्टी थोड्या आहेत, आणि करू नयेत अशा अधिक. घोड्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे, मोरखी धरून कोणीतरी जवळ उभे राहावे आणि त्याला डोळा गुडघ्यावर किंवा दारावर घासू देऊ नये. तुकड्यावर निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेली गॉजपट्टी अलगद धरली तर तो सुकत नाही. हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल किंवा घरात उरलेले डोळ्यांचे थेंब यांतले काहीही वापरू नये. त्यातही स्टेरॉइड असलेले थेंब सर्वांत धोकादायक, कारण कॉर्नियाला जखम असेल तर स्टेरॉइडमुळे तिचा संसर्ग झपाट्याने बळावतो. पशुवैद्य स्वतः पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक वापरतात तेही साध्या द्रावणाच्या रूपात आणि पन्नासपट पातळ करून. त्याच नावाचा फेस येणारा प्रकार मिळतो, पण त्यातल्या साबणाने कॉर्निया भाजतो. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशकही डोळ्याजवळ आणू नये.

तपासणीत पापणीपेक्षा डोळ्याकडे आधी पाहिले जाते. डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग सोडतात. कॉर्नियाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग अश्रूंबरोबर वाहून जातो. जिथे तो खरवडलेला असेल तिथे मात्र निळ्या प्रकाशात झळाळता हिरवा डाग उरतो. याच रंगाची आणखी एक गंमत अशी की काही मिनिटांनी तो घोड्याच्या त्याच बाजूच्या नाकपुडीत खाली उतरताना दिसतो, कारण अश्रूनलिकेचे तोंड तिथे असते. जखम डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात असेल तर ही नलिका तुटली आहे की काय, हे त्यावरून ताडता येते. मार जोराचा असेल तर खोबणीचे हाड मोडलेले नाही ना आणि डोळ्याच्या आत दाह किंवा रक्तस्राव नाही ना, हेही पाहावे लागते.

शिवण्यासाठी पुष्कळदा संपूर्ण भूल लागत नाही. झायलाझिन किंवा डेटोमिडिनने घोडा उभ्या उभ्या गुंगतो आणि मान टाकतो. मान खाली राहिली तर पापणीची सूज वाढते, म्हणून हनुवटीखाली आधार द्यावा लागतो. मग दोन ठिकाणी बधिरता आणली जाते. एक सुई भुवईच्या हाडातल्या, बोटाला जाणवणाऱ्या छिद्रापाशी, तिने वरच्या पापणीची संवेदना जाते. दुसरी डोळा आणि कान यांच्या मधल्या हाडाच्या कमानीपाशी, तिने डोळा घट्ट मिटणारा स्नायू ढिला पडतो. ही दुसरी नसती तर घोड्याच्या पापणीच्या ताकदीपुढे कोणाचीही बोटे टिकली नसती. जखमेच्या कडा फारशा तासत नाहीत, केवळ साफ करून ताज्या करतात. आतल्या थराला विरघळणाऱ्या बारीक धाग्याचे टाके घालतात आणि ते आतल्या अस्तराच्या आरपार जाऊ देत नाहीत, नाहीतर धागाच कॉर्नियावर घासू लागतो. त्वचेला टाके घालताना सुरुवात पापणीच्या कडेपासून होते, आणि त्या पहिल्या टाक्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वळसा देतात. सदऱ्याचे पहिले बटण चुकीच्या काजात गेले की शेवटपर्यंत सगळी चुकतात, तसेच इथेही होते: कडेवर मिलिमीटरभर पायरी राहिली तरी ती पुढे कायमची खुपत राहते.

धनुर्वाताची लस हा वेगळा मुद्दा नाही, उपचाराचाच भाग आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या खिळ्याला आपल्याकडे उगाच सगळा दोष दिला जातो. प्रत्यक्षात धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि घोड्याच्या स्वतःच्या लिदेत असतात, म्हणजे तबेल्यात ती आहेतच असे धरून चालावे. पाळीव जनावरांत घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. योगायोग असा की धनुर्वात झालेल्या घोड्याचे एक ठळक लक्षणही डोळ्यातच दिसते: आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी अचानक सरकून डोळ्यावर येते.

यापुढचे 10 ते 14 दिवस, म्हणजे त्वचेचे टाके काढेपर्यंत, काम मोतद्दाराचे. बरी होत आलेली जखम खाजते आणि घोडा ती घासायला भिंत शोधतो. एका घासण्यात सगळी शिवण उसवते. म्हणून डोळ्यावर कठीण वाटी असलेला मुखवटा घालतात, तो दिवसातून दोनदा काढून आतून कोरडा पुसतात आणि दाण्याची बादली व उंच टांगलेले गवत तेवढे दिवस काढून टाकतात. दुखणे आणि सूज यांसाठी फ्लुनिक्सिनसारखे औषध डॉक्टर ठरवतील तेवढेच दिवस द्यावे. सूज पहिल्या काही दिवसांत ओसरायला हवी. ती उतरल्यावर पुन्हा वाढली, डोळ्यातून पू येऊ लागला, घोडा डोळा अधिक मिटू लागला किंवा बुबुळावर निळसर-पांढरी झाक आली, तर टाके काढण्याच्या तारखेची वाट पाहू नये.

ही शेवटची खूण गोव्यात विशेष गंभीरपणे घ्यावी असे मला वाटते. उष्ण आणि दमट हवेत घोड्याच्या कॉर्नियाला बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो; त्यातल्या ॲस्परजिलस आणि फ्युझारियम या बुरशी गवतात, पेंढ्यात आणि मातीत सर्रास सापडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पेंढा पुरता वाळतच नाही, तेव्हा बुरसलेला पेंढा जखमी घोड्याच्या तोंडापुढे टाकणे म्हणजे संकटाला आमंत्रण. प्रतिजैविक थेंबांनी बुरशी हटत नाही, तिला वेगळे औषध लागते आणि ते आठवडेच्या आठवडे घालावे लागते. माश्यांचा उपद्रव वेगळाच. हॅब्रोनेमा या जंताच्या अळ्या माश्या ओल्या जखमेवर आणि डोळ्याच्या कोपऱ्यात सोडतात, आणि तिथे खाजरे, खरबरीत फोड उठतात जे महिनोन्महिने भरत नाहीत. लीद रोज उचलून तबेल्यापासून दूर टाकणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तबेल्यात एक फेरी घोड्याच्या डोळ्याच्या उंचीवरून मारून पाहावी. बादलीच्या कडीची उघडी टोके जाड चिकटपट्टीने गुंडाळावीत, आकडे भिंतीकडे वळवावेत, चिऱ्याच्या भिंतीतून बाहेर आलेले खिळे उपटावेत आणि कुंपणाला काटेरी तार असेल तर ती काढावी. डोळ्यांभोवतीचे लांब केस शोभेसाठी कापण्याची पद्धतही सोडून द्यावी, कारण अंधारात जवळ आलेल्या वस्तूची सूचना घोड्याला त्यांच्याच स्पर्शातून मिळते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने तर 2021 पासून असे केस कापलेल्या घोड्यांना स्पर्धेत उतरण्यास मनाई केली आहे.