रॉमवर सही कोणाची?

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आला आणि महिना उलटायच्या आत त्यात एक विलक्षण दोष सापडला. त्या फोनला सरकवून बाहेर काढण्याचा कळफलक होता, आणि त्यावर दाबलेली प्रत्येक कळ समोरच्या अ‍ॅपकडे जात असतानाच, पडद्यामागे चुकून चालू राहिलेल्या एका सर्वाधिकारी शेलकडेही, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा थेट अमलात आणणाऱ्या आज्ञावलीकडेही, पोहोचत होती. कोणाला संदेश लिहिताना नव्या ओळीवर ‘रीबूट’ हा एकच इंग्रजी शब्द टाइप करून एंटर दाबले, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होत असे. दुरुस्ती लगेच आली. पण तोवर फोनवरचा सर्वोच्च अधिकार, म्हणजे ‘रूट’, हौशी मंडळींच्या हाती सहज लागला होता, आणि निर्मात्याने दिलेली प्रणाली काढून तिच्या जागी स्वतः बांधलेली प्रणाली बसवण्याचे वेड त्याच फोनपासून पसरत गेले.

त्याच फोनसाठी स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सायनोजेनमॉड ही रॉम, म्हणजे मूळ प्रणालीच्या जागी बसवायची बदललेली अँड्रॉइड प्रणाली, सुरू केली. अँड्रॉइडचा सोर्स कोड मुक्त असल्यामुळे तो घेऊन त्यात फेरफार करण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. मात्र नकाशे, मेल आणि अ‍ॅपचे दुकान ही गूगलची स्वतःची अ‍ॅप त्या मुक्त भांडारात कधीच नव्हती, आणि ती रॉममध्ये भरून वाटल्याबद्दल गूगलने त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कोंडिक यांना ते थांबवण्याची ताकीद देणारे पत्र पाठवले. त्यावर निघालेला तोडगा आजही बहुतेक ठिकाणी टिकून आहे: रॉम गूगलच्या अ‍ॅपविना दिली जाते आणि ज्याला ती हवी असतील त्याने ती वेगळ्या संचातून बसवायची. सायनोजेनमॉडचा कारभार २०१६च्या डिसेंबरमध्ये आटोपला आणि त्याच कोडच्या पायावर लिनिएजओएस उभे राहिले.

‘रॉम’ हा शब्द तसा चुकीचाच रुळला आहे. त्याचा मूळ अर्थ केवळ वाचता येणारी, बदलता न येणारी स्मृती असा होतो, आणि आपण तर नेमकी बदलता येणारी वस्तू त्या नावाने ओळखतो. खरोखर न बदलणारा भाग फोनच्या मुख्य चिपमध्ये कोरलेला असतो. वीज मिळताच ही छोटीशी आज्ञावली जागी होते, पुढच्या टप्प्याच्या आज्ञावलीवरची डिजिटल सही तपासते आणि सही जुळली तरच सूत्रे तिच्या हाती देते. ती पुढच्या टप्प्याची सही तपासते, आणि असे करत करत बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारी आज्ञावली), कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा पाया) आणि शेवटी आपल्याला दिसणारी प्रणाली सुरू होते. हिला विश्वासाची साखळी म्हणतात. साखळीच्या मुळाशी असलेल्या, सही ताडून पाहायच्या डिजिटल किल्लीचा ठसा चिपमधल्या एकदाच जाळता येणाऱ्या फ्यूजमध्ये नोंदलेला असतो, त्यामुळे तो नंतर कोणालाच, अगदी निर्मात्यालाही, पुसता येत नाही.

बूटलोडर अनलॉक करणे म्हणजे या साखळीतील एक कडी जाणूनबुजून सैल करणे. त्या क्षणी फोन आतला सगळा डेटा पुसून टाकतो, आणि नवख्यांना हा निव्वळ जाच वाटतो. पण तसे केले नसते, तर चोरलेल्या फोनवर कोणीही आपली बदललेली प्रणाली बसवून मालकाच्या माहितीपर्यंत पोहोचण्याची वाट शोधू शकला असता. अनलॉक केलेला फोन सुरू होताना दर वेळी नारिंगी रंगाची सूचना दाखवतो. काही मोजक्या फोनांमध्ये मात्र स्वतःची किल्ली बूटलोडरला देऊन तो पुन्हा लॉक करता येतो. तेव्हा सूचना पिवळी होते आणि साखळी पुन्हा सांधली जाते, फक्त शेवटच्या कडीवर निर्मात्याऐवजी रॉम बांधणाऱ्याची सही असते. ही सोय नसलेल्या फोनवर कस्टम रॉम बसवून बूटलोडर लॉक करायला जाणे म्हणजे फोनची वीट करून घेण्याचा, तो सुरूच होणार नाही असा निकामी करण्याचा हमखास मार्ग.

या ठिकाणी ‘मुक्त’ या शब्दाची मर्यादाही सांगायला हवी. आपण बदलतो ते वरचे मजले. तळघर निर्मात्याचेच राहते. मोबाइल नेटवर्कशी बोलणारा मॉडेम हा स्वतःच्या फर्मवेअरवर, म्हणजे उपकरणातच बसवलेल्या आज्ञावलीवर, चालणारा वेगळा संगणक असतो आणि ते फर्मवेअर जवळपास सर्वच फोनांत बंदिस्त असते. बोटांचे ठसे आणि गुप्त किल्ल्या सांभाळणारा सुरक्षित कप्पा, ग्राफिक्स, कॅमेरा, वाय-फाय यांचीही बरीचशी आज्ञावली फक्त यंत्रभाषेत मिळते. अशा न वाचता येणाऱ्या फायलींना ‘ब्लॉब’ म्हणतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या रेप्लिकंट या प्रकल्पाने असे सर्व ब्लॉब वगळण्याचा हट्ट धरला. त्याची किंमत म्हणून काही फोनांवर ब्लूटूथपासून वाय-फायपर्यंत अनेक गोष्टी मूळ स्वरूपात चालत नाहीत. तत्त्वनिष्ठेबद्दल आदर वाटतोच, पण रोजच्या वापराला असा फोन द्यावा असे मी कोणालाही सुचवणार नाही.

रॉम बांधण्याचे काम ऐकायला वाटते त्यापेक्षा कमी गूढ आणि जास्त चिकाटीचे असते. गूगलच्या मार्गदर्शिकेनुसार अँड्रॉइडचा कोड उतरवून घ्यायला सुमारे २५० जीबी आणि बांधणीसाठी आणखी १५० जीबी जागा लागते, शिवाय ६४ जीबी रॅम. ७२ गाभ्यांच्या (कोअर) संगणकावर पूर्ण बांधणी साधारण ४० मिनिटांत होते आणि ६ गाभ्यांच्या संगणकावर सुमारे ६ तासांत. शेकडो भांडारांत विखुरलेला हा कोड ‘रेपो’ नावाचे साधन एकत्र आणते. त्यात आपल्या विशिष्ट फोनसाठी तीन गोष्टी जोडाव्या लागतात: पडद्याचा आकार, विभाजने (साठवणुकीचे वेगळे केलेले भाग), संवेदक यांचे वर्णन करणारी डिव्हाइस ट्री, त्या फोनच्या कर्नलचा कोड आणि त्याचे ब्लॉब. कर्नल हा लिनक्सचा असल्याने आणि लिनक्स जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली असल्याने फोन विकणाऱ्याला त्याचा कोड द्यावाच लागतो. तो वेळेवर आणि पूर्ण मिळतो का, हा निराळा विषय. ब्लॉब मात्र सहसा कोणी देत नाही. ते चालू फोनमधून किंवा अधिकृत फर्मवेअरच्या फायलीतून एका यादीबरहुकूम उपसून घ्यावे लागतात.

मी पहिल्यांदा बांधलेल्या रॉममध्ये सगळे चालत होते, फक्त कॅमेरा उघडला की काळा पडदा आणि दोन सेकंदांनी अ‍ॅप बंद. फोन केबलने संगणकाला जोडून त्याच्या नोंदींचा प्रवाह पाहायला बसलो, तेव्हा हजारो ओळींच्या गर्दीत एक ओळ दर वेळी तीच येत होती: कॅमेऱ्याचा ब्लॉब एक फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा एक तुकडा, मागत होता आणि ते कुठेच सापडत नव्हते. ब्लॉब जुन्या अँड्रॉइडसाठी बांधलेला होता आणि नव्या अँड्रॉइडमधून ते फंक्शन काढून टाकले गेले होते. ब्लॉब उघडून दुरुस्त करणे शक्य नव्हते, म्हणून उपाय उलट बाजूने करावा लागला: त्याच नावाचे, आतून जवळपास रिकामे फंक्शन असलेली एक इवलीशी लायब्ररी लिहून ती ब्लॉबच्या आधी लोड होईल अशी व्यवस्था केली. या प्रकाराला ‘शिम’ म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे, कारण सुतार चौकटीच्या फटीत ठोकतो त्या पाचरीचेच ते नाव. जुन्या फोनवर नवे अँड्रॉइड चालताना दिसते, तेव्हा आत अशा कितीतरी पाचरी ठोकलेल्या असतात.

त्यानंतर बोटाच्या ठशाने दगा दिला. या वेळी नोंदींत ‘परवानगी नाकारली’ असे स्वच्छ लिहिले होते. एसईलिनक्स नावाची पहारेकऱ्याची यंत्रणा अँड्रॉइडमध्ये ४.३ या आवृत्तीपासून आली आणि ५.० पासून ती पूर्णपणे सक्तीची झाली. कोणत्या प्रक्रियेने कोणत्या फाईलला किंवा उपकरणाला हात लावायचा याचे नियम ती पाळायला लावते. ठशाच्या सेवेसाठी मी नियमच लिहिला नव्हता. अशा वेळी एक सोपी पळवाट असते: पहारेकऱ्याला फक्त नोंद करायला सांगायचे, अडवायला नाही. एका ओळीचा बदल, आणि सगळे चालू लागते. ती पळवाट न घेता एकेक नियम लिहायला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि तेव्हा लक्षात आले की वाटल्या जाणाऱ्या कित्येक रॉममध्ये एसईलिनक्स ‘परमिसिव्ह’, म्हणजे नुसती नोंद करणारे, का ठेवलेले असते. दिसायला ती रॉम इतरांसारखीच असते. आत मात्र दारे नुसती लोटलेली असतात.

म्हणूनच रॉम निवडताना वैशिष्ट्यांच्या याद्या, आयकॉनचे आकार आणि अ‍ॅनिमेशनची गती यांवर वेळ घालवू नये असे माझे मत आहे. खरे तर आपण रॉम निवडतच नसतो. आपल्या नेमक्या मॉडेलसाठी ती सांभाळणारा माणूस, ज्याला मेंटेनर म्हणतात, तो निवडत असतो. एकाच नावाची रॉम एका फोनवर निर्दोष चालते आणि दुसऱ्यावर फोन लागत नाही, याचे कारण तेवढेच असते. तो माणूस स्वतः तोच फोन वापरतो का, त्याचा कर्नल आणि डिव्हाइस ट्री यांचा कोड खुला आहे का, बदलांची नोंद नियमित आहे का, हे आधी पाहावे. लिनिएजओएसमध्ये अधिकृत पाठिंबा मिळवण्यासाठी फोनने पाळायच्या किमान अटी लिखित स्वरूपात आहेत, आणि म्हणूनच तिथे उपलब्ध मॉडेलांची यादी अनेकांना हवी तेवढी लांब नसते. मला तो दोष वाटत नाही.

सही हा दुसरा मुद्दा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. अँड्रॉइडच्या मुक्त कोडसोबत चाचणीसाठी काही किल्ल्या येतात. त्या जगजाहीर आहेत; कोणीही उतरवून घेऊ शकतो. घाईत बांधलेल्या रॉमवर याच किल्ल्यांची सही राहून जाते, आणि मग त्याच किल्लीने सही केलेले कोणतेही अ‍ॅप स्वतःला प्रणालीचाच भाग असल्याचे सांगून तिचे अधिकार मागू शकते. फोनच्या माहितीत बांधणीच्या ओळीत ‘टेस्ट-कीज’ असे दिसले तर सावध व्हावे. मात्र तिथे ‘रिलीज-कीज’ लिहिलेले असले, तरी निश्चिंत होऊ नये, कारण ती ओळ बऱ्याचदा मूळ फोनवरून जशीच्या तशी उसनी घेतलेली असते. प्रकल्पाने आपली सार्वजनिक किल्ली जाहीर केली आहे का आणि उतरवलेली फाईल तिच्याशी ताडून पाहण्याची रीत दिली आहे का, ही त्याहून भरवशाची खूण होय.

सुरक्षा-दुरुस्तीच्या तारखेतही अशीच एक मेख आहे. स्टेजफ्राइट हा अँड्रॉइडमधला गंभीर दोष उघड झाल्यावर २०१५च्या ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला दुरुस्त्या जाहीर करायला सुरुवात केली, आणि फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारी तारीख या दुरुस्त्यांची असते. कस्टम रॉमवर ती ताजी दिसते, कारण मुक्त कोडमधील दुरुस्त्या मेंटेनरने घेतलेल्या असतात. पण मॉडेम आणि इतर ब्लॉब यांच्या दुरुस्त्या फक्त निर्माता देऊ शकतो. त्याने हात वर केल्यावर तळघर त्या दिवशी होते तसेच राहते. काही रॉम या दुसऱ्या, व्हेंडरच्या म्हणजे निर्मात्याच्या दुरुस्तीची तारीख वेगळी दाखवतात. दोन तारखांत चार वर्षांचे अंतर दिसले, तर ते पाहून घाबरण्यापेक्षा रॉमने ते लपवले नाही याचे समाधान मानावे, आणि त्या फोनवर काय ठेवायचे ते त्यानुसार ठरवावे.

सुरक्षेवर भर देणाऱ्या ग्राफीनओएस या रॉमचा प्रकल्प प्रामुख्याने गूगलच्या पिक्सेल फोनांपुरता राहिला, त्यामागेही हेच गणित आहे. स्वतःच्या किल्लीने बूटलोडर पुन्हा लॉक करता येणे, स्वतंत्र सुरक्षा-चिप असणे आणि फर्मवेअरच्या दुरुस्त्या दीर्घकाळ मिळत राहणे या अटी एकत्र पूर्ण करणारे फोन फार थोडे असतात. पिक्सेल ८ पासून गूगलने ७ वर्षांच्या दुरुस्त्यांचे आश्वासन दिले आहे. ग्राफीनओएसवर गूगलची अ‍ॅप चालवायचीच असतील, तर ती इतर अ‍ॅपसारखीच, विशेष अधिकारांविना, बंदिस्त कप्प्यात चालतात. याउलट गाएल द्युवाल यांच्या पुढाकाराने आलेली ई-ओएस ही प्रणाली गूगलच्या सेवांची जागा मायक्रोजी या मुक्त पर्यायाने भरून काढते आणि कितीतरी अधिक फोनांवर चालते. पहिलीचा भर हल्ल्यापासून बचावावर आहे, दुसरीचा पाळतीपासून सुटकेवर. दोन्ही गोष्टी एकच समजून निवड करणारे पुढे हमखास नाराज होतात.

जुन्या फोनांचे आयुष्य वाढण्यात गूगलच्या एका निर्णयाचा मोठा वाटा आहे. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत आलेल्या ट्रेबल या रचनेने निर्मात्याचे ब्लॉब वेगळ्या विभाजनात ठेवले आणि वरच्या प्रणालीशी त्यांनी कोणत्या भाषेत बोलायचे ते पक्के केले. हेतू निर्मात्यांचे काम हलके करण्याचा होता, पण फायदा हौशी मंडळींनाही झाला: अनेक फोनांवर चालणारी एकच सर्वसाधारण प्रणाली शक्य झाली आणि पाचरी ठोकण्याचे प्रसंग घटले. त्याच वर्षी सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसने याहून अवघड वाट धरली. अँड्रॉइडच बाजूला ठेवून, फोनला मूळ लिनक्स कर्नलवर आणून, १० वर्षे चालवण्याचे त्याचे ध्येय आहे. उलट दिशेचे पाऊलही नोंदवायला हवे: २०२५च्या जूनमध्ये अँड्रॉइड १६चा कोड खुला झाला तेव्हा त्यात पिक्सेल फोनांच्या डिव्हाइस ट्री नव्हत्या, आणि तोवर सर्वांत सोपा समजला जाणारा फोनही रॉम बांधणाऱ्यांसाठी एका रात्रीत कष्टाचा झाला.

बँकांची आणि पैशांच्या व्यवहाराची अ‍ॅप चालतील का, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर असे की, गूगलची प्ले इंटिग्रिटी ही सेवा अ‍ॅपला फोनची साखळी निर्मात्याच्या सहीची आहे की नाही ते कळवते, आणि पुढे काय करायचे ते अ‍ॅप ठरवते. काही अ‍ॅप चालतात, काही अडून बसतात, आणि आज चालणारे उद्या अडू शकते. अनलॉक केल्यावर काही फोनांत व्हिडिओच्या हक्करक्षणाचा दर्जाही खालावतो, मग चित्रपट पूर्ण स्पष्टतेने दिसत नाहीत. दुसरा फोन हाताशी नसेल, तर या दोन गोष्टी आधी तपासून मगच अनलॉकच्या वाटेला जावे.

प्रत्यक्ष फ्लॅश करण्यापूर्वी, म्हणजे रॉम फोनवर चढवण्यापूर्वी, काही विभाजने जपून ठेवायची असतात. फोनची नेटवर्कवर ओळख पटवणारा आयएमईआय क्रमांक आणि कारखान्यात प्रत्येक नगासाठी वेगळी मोजलेली रेडिओची जुळवणी छोट्याशा विभाजनांत असते. ती पुसली गेली, तर फोन सुरू होतो, पडदा उजळतो, अ‍ॅप चालतात, पण नेटवर्क मिळत नाही, आणि दुसऱ्या फोनवरून ती आणून चालत नाही. शक्य तिथे त्यांची प्रत संगणकावर आधी काढून घ्यावी. तिच्या शेजारी सध्याच्या आवृत्तीचे मूळ फर्मवेअरही उतरवून ठेवावे, मात्र सध्या फोनवर आहे त्याहून जुने नको, कारण मागे जाण्यास मज्जाव करणारा फ्यूज एकदा जळला असेल, तर जुने फर्मवेअर बसवताच फोन सुरू होणे थांबते.