आमचा डाळिंबाचा रस तुरट का लागतो?

पहिल्यांदा बाटली घेऊन गेलेल्यांचा दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, "रस तुरट लागतोय, खराब नाही ना झाला?" नाही झाला. आम्ही दाणे सोलून वेगळे काढत नाही. सांगोल्याकडचं भगवं डाळिंब अर्धं कापतो आणि सालीसकट दाबतो. साल आणि दाण्यांमधला पांढरा पापुद्रा यांतला तुरटपणा रसात उतरतो. जुलाब लागले की घरोघरी डाळिंबाची वाळवलेली साल उगाळून देत, ती याच तुरटपणासाठी.

या तुरट द्रव्यांना एलॅजिटॅनिन म्हणतात. ती जशीच्या तशी अंगी लागत नाहीत. पोटात त्यांचं एलॅजिक आम्ल होतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन-ए तयार करतात. म्हणजे हा पदार्थ डाळिंबात नसतोच, तो तुमच्या आतड्यात बनतो. तेही सगळ्यांच्या नाही. ज्यांच्याकडे नेमके ते जिवाणू नाहीत, त्यांनी पेलाभर रस प्यायला तरी युरोलिथिन जवळपास बनत नाही. कोणाच्या आतड्यात काय आहे, ते आम्हाला बाटली विकताना कसं कळणार?

या युरोलिथिन-एचा वयाशी संबंध जोडतात, तो असा. पेशीतली वीजघरं म्हणजे मायटोकाँड्रिया. ती जीर्ण झाली की वेळेत मोडीत निघायला हवीत. वय वाढतं तसं हे काम मंदावतं, फुटक्या वीजघरांतला ऐवज बाहेर सांडतो आणि प्रतिकारशक्तीला वाटतं, कोणी जंतू शिरला. मग ना ताप, ना लाली, पण आतल्या आत बारीक सूज धुमसत राहते. युरोलिथिन-ए ही जीर्ण वीजघरं मोडीत काढायला चालना देतं. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी ते सूक्ष्म कृमींना दिलं, तेव्हा कृमी सुमारे ४५ टक्के जास्त जगले.

कृमी! माणसं नव्हेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ वर्षांवरच्या ६६ जणांना ४ महिने रोज १००० मिलिग्रॅम युरोलिथिन-ए किंवा नुसती खोटी गोळी दिली. खरी गोळी घेणाऱ्यांच्या हातापायांच्या स्नायूंचा दम थोडा वाढला, रक्तातलं सूज दाखवणारं सीआरपी नावाचं प्रथिन उतरलं. पण ६ मिनिटांत चालून जायचं अंतर दोन्ही गटांत वाढलं, त्यांच्यात ठोस फरक दिसला नाही. शिवाय ती गोळी होती, रस नव्हे. त्यामुळे "तारुण्य टिकवतो" असं आमच्या लेबलवर तुम्हाला दिसणार नाही. दुकानदार मागे लागतात, छापा म्हणून. आम्ही छापत नाही.

साखर वरून घातलेली नाही, तरी फळाची साखर आहेच, आणि ती कमी नाही. मधुमेह असेल तर रसापेक्षा दाणे चावून खा. रक्त पातळ करायची किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर रोज प्यायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तळाशी गाळ बसतो, तो फेकू नका, बाटली हलवून घ्या. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. झाकण फुगलं असेल तर मात्र पिऊ नका, बाटली परत आणा, बदलून देऊ.