चिनी भाषेत 'संकट' म्हणजे 'संधी' नव्हे

वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश असा: चिनी भाषेत 'संकट' हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात, एकाचा अर्थ धोका, दुसऱ्याचा संधी.

अर्धी गोष्ट खरी आहे. शब्द आहे 'वेइजी', आणि 'वेइ' म्हणजे धोका. गोंधळ 'जी'पाशी होतो. संधीला चिनीत 'जीहुइ' म्हणतात. त्यात हेच 'जी' असल्याने ते एकटेच संधी दाखवते, असा समज झाला. पण हे चिन्ह विमानाच्या 'फेइजी'त आणि मोबाइलच्या 'शौजी'तही आहे, तिथे त्याचा अर्थ यंत्र. 'वेइजी'त ते निर्णायक क्षण किंवा कळीची वेळ दाखवते. म्हणजे वेइजी ही धोक्याची घडी. आपल्याकडे 'आहार' आणि 'संहार' दोन्हींत 'हार' आहे, म्हणून संहारात जेवण शोधायचे का? तसेच हे.

पडताळणी सोपी आहे. कोणत्याही चिनी शब्दकोशात वेइजी, जीहुइ आणि फेइजी शेजारी शेजारी काढून पाहा. आर्थिक मंदीची बातमी वाचताना चिनी माणसालाही या शब्दात संकटच दिसते. धोका आणि संधीची ही कोटी आता काही चिनी लोकही करतात, पण ती कोटीच, शब्दाचा मूळ अर्थ नव्हे.

हा संदेश अनेकदा अडचणीतल्या माणसाला धीर द्यायला पाठवला जातो, आणि ती भावना मोलाची आहे. त्यासाठी चिनीत खरीखुरी चार चिन्हांची म्हण आहे, 'खू जिन गान लाय': कडू संपते, गोड येते.